घरघरीखालचं अर्धं मिनिट

घरात आपल्याशिवाय आणखी कुणी असतं का, हा प्रश्न मानवजात हजारो वर्षं विचारत आली आहे. तत्त्ववेत्ते थकले. शास्त्रज्ञांनी हात टेकले.

उत्तर मला मिळालं आहे.

मंगळवारी. दुपारी साडेतीनला. ताईच्या स्वयंपाकघरात, वाटाणे सोलताना.

उत्तर फारसं उत्साहवर्धक नाही, म्हणून शास्त्रज्ञांना कळवलेलं नाही. इंटरनेटवरच्या या भुताटकीच्या पानावर टाकतो आहे.

यातला शब्दन् शब्द खरा आहे. सगळेच असं म्हणतात, ठाऊक आहे मला. पण इतरांच्या गोष्टीत वीज जाते, कुत्री रडतात आणि अमावस्या तर असतेच असते. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. वीज होती. नळाला पाणीसुद्धा होतं. मी सोयी वाढवून सांगत नाहीये.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन माणसं बोलत असताना लाइनवर तिसरा नुसता श्वास घेत असला, तरी तिला कळायचं. "तिसरे गृहस्थ, फोन ठेवा," असं ती म्हणायची. तिसरे गृहस्थ ठेवायचे.

त्या ताईकडे एक कॅसेट आहे. आमच्या आईच्या आवाजाची. आईचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरलाय.

आई शिवणकाम करायची. ताईला सत्ताविसाव्या वर्षी लांबच्या गावी नोकरी लागली आणि त्यावरून मायलेकींचं असं वाजलं की शेजाऱ्यांनी आधी खिडक्या उघडल्या आणि मग लाजेने लावून घेतल्या. आई शेवटी म्हणाली, "जा. आणि परत या घरात पाय ठेवू नकोस."

ताई गेली. ती आमची ताई. तिने पाय ठेवला नाही.

दोन वर्षांनी आईने तिला पोस्टाने ही कॅसेट पाठवली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. अकरा मिनिटं नुसतं, कोट कसा बेतायचा. तिकडे थंडी असते, बाही एवढी ठेव, शिलाईला एवढं कापड सोड. "कशी आहेस" एकदाही नाही.

आणि मग शेवटचं अर्धं मिनिट.

त्या अर्ध्या मिनिटात आई आवाज खाली आणून काहीतरी सांगते. मापं नव्हेत. काहीतरी वेगळंच. "अगं" एवढं कळतं... आणि बाकी सगळं एका घरघरीखाली दबलेलं.

ताईने आईला विचारलं नाही. "विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, मला गरज आहे." चार महिन्यांनी आई गेली. मग विचारायची सोयच उरली नाही.

पंचेचाळीस वर्षं ताई त्या अर्ध्या मिनिटाला कान लावून बसली होती. लाखो लोकांचे फोन तिने जोडून दिले, पण ही एक लाइन तिला लागली नाही.

"शिव्या असतील," ती म्हणायची. "पण कुठल्या, ते तरी कळू दे."

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, सिनेमाच्या आवाजाचं काम करते. गेल्या सुट्टीत तिने ती कॅसेट ताईच्या फोनमध्ये उतरवून दिली आणि एक ॲप टाकलं. त्या ॲपमध्ये एक प्लगइन, म्हणजे वरून बसवलेलं अवजार. पॅरामेट्रिक इक्वलायझर.

नावाला घाबरू नका. घाबरायचं पुढे आहे.

स्क्रीनवर एक आडवी रेघ असते, तिच्यावर पाच ठिपके. रेघेखाली आकडे. ठिपका डावीकडे, लहान आकड्यांकडे नेला की जाड आवाज सापडतो, उजवीकडे, मोठ्या आकड्यांकडे नेला की बारीक. वर ओढला की तेवढाच आवाज वाढतो, खाली ओढला की कमी होतो. दोन बोटांनी चिमटा काढला की ठिपक्याची पकड सुईसारखी अरुंद होते. आणि रेघेमागे, आवाज चालू असेल तोवर, हिरवं गवत हलत असतं. जिथे आवाज मोठा, तिथे गवत उंच.

भाची म्हणाली होती, "मीच साफ करून देते ना."

"नाही," ताई म्हणाली. "मी ऐकायच्या आधी दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही."

"आणि मामा?"

"तो तेव्हा त्या घरात होता. आणि तसंही तो ऐकतो कुठे कुणाचं."

असा मी लायक ठरलो.

त्या मंगळवारी भाचीने मला फोनवर काम समजावून दिलं.

"मामा, एक ठिपका वर ओढ. भरपूर. मग अरुंद कर आणि हळूहळू सरकव. जिथे घरघर एकदम अंगावर येईल, तिथे थांब. तोच चोर. मग त्याला खाली ओढ."

"कापायचाय ना? मग आधी वाढवायचा कशाला?"

"सापडल्याशिवाय कापणार कसा? आणि शंभरवर सापडला तर दोनशे आणि तीनशेवरही बघ. खानदान घेऊन येतो तो."

"काही बिघडलं तर?"

"काही बिघडत नाही. इक्वलायझर नवीन काही तयार करत नाही. आत असेल तेवढंच वर-खाली होतं."

हे ऐकून मला तेव्हा धीर आला होता.

वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. इअरफोनचं एक बोंडूक ताईच्या कानात, एक माझ्या. शाळेत एकच पुस्तक दोघांत असावं, तशी डोक्याला डोकी लावून बसलो. मी ठिपका वर ओढला आणि सरकवू लागलो. माझं बोट जाड, त्यामुळे साठवरून एकदम एकशे चाळीसवर उडी. ताईने कपाळाला हात लावला. पुन्हा मागे. ऐंशी... नव्वद...

शंभर.

घरघर कानावर धाडकन आदळली. तिच्याबरोबर एक बारीक ठकठक. सैल जाळीची.

ताई ताठ झाली.

"अरे, हा तर पंखा आहे. आपला. टेबलावरचा."

बरोबर होतं. आई शिवायला बसली की तो पंखा चालू असायचा. भर थंडीतही. अंगावर शाल आणि समोर पंखा! आम्ही हसायचो. आई म्हणायची, "मशीन तापतं." मशीन पायाचं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी शंभरचा ठिपका तळाला नेला. मग दोनशे. मग तीनशे. तीन ठिपके, तीन खड्डे.

पंखा गेला.

आणि आई बोलू लागली. इतकी जवळ, की मी नकळत पाठ सरळ केली.

"किती तरुण आहे रे," ताई हळूच म्हणाली. "माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे."

आईने वर्तमानपत्रावर कागदी नमुना कसा कापायचा ते सांगितलं. खिसे कुठे येतील ते सांगितलं. मग मापांवर आली.

"बाही... बावीस."

आणि तिच्या मागून, अगदी खाली...

"...बावीस."

मी कॅसेट थांबवली. माझ्या फोनवरून भाचीला विचारलं.

"होतं मामा तसं. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. घाबरू नकोस."

"मी घाबरलो नाही. चौकशी केली."

पुन्हा सुरू.

"खांदा... साडेचौदा," आई म्हणाली.

"...साडेचौदा."

उमटलं असेल, मी मनात म्हटलं. शेजारचा वेढा.

"कंबर... सत्तावीस."

थोडी शांतता.

"...एकोणचाळीस."

मी थांबवलं. स्वयंपाकघरात फक्त फ्रिजचा आवाज होता.

तो आवाज आईचा नव्हता. बाईचा नव्हता. पुरुषाचा होता, असंही मी शपथेवर सांगणार नाही.

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली,

"अडतीस."

"काय?"

"माझी कंबर अडतीस आहे. एकोणचाळीस म्हणणारा हा कोण लागून गेला?"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. सत्तावीस. शांतता. एकोणचाळीस. ताई तरातरा उठली, खणातून मोजपट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

"घे."

"ताई, आत्ता?"

"आत्ता. खोट्याच्या कपाळी गोटा."

मी माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"श्वास सोड," मी म्हटलं.

"सोडलाय."

"पूर्ण सोड."

"पूर्ण सोडला तर आईलाच जाऊन विचारीन, काय सांगितलं होतंस म्हणून. आकडा बोल."

एकोणचाळीस.

मी मोजपट्टी खाली ठेवली. कॅसेट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा ताईची कंबर सत्तावीस होती. ही एकोणचाळीस आजची. या स्वयंपाकघरातली. या खुर्चीवरची.

मग ते माप घेतलं कुणी... आणि कधी?

"ताई, बंद करू या. तुझी मुलगी आली की बघू."

"अर्धं मिनिट राहिलंय."

"उद्या ऐकू."

"पंचेचाळीस वर्षं उद्याच ऐकतेय मी," ताई म्हणाली. "लाव."

लावलं.

आईने काजं-बटणांचं सांगून संपवलं. कात्री ठेवल्याचा आवाज आला. मग तिने तोंड टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ आणलं असावं. एकेक शब्द धुतल्यासारखा स्वच्छ आला.

"अगं... तुला परत बोलावत नाही म्हणून रागवू नकोस. मुद्दाम भांडले मी तुझ्याशी. तू जावंस म्हणून. तुझी मापं पाठ व्हायला लागली होती त्याला. धाकट्याकडे अजून लक्ष गेलेलं नाही. तू तिकडेच बरी आहेस. इकडे येऊ नकोस, मी मेले तरी येऊ नकोस. पंखा लावलाय, म्हणून एवढं बोलते आहे. पंखा चालू असला की त्याला आपलं बोलणं ऐकू जात नाही."

ताईचा हात तोंडावर गेला होता.

मला एकेक आठवू लागलं. वीज गेली की आई शिवण घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसायची. उजेडासाठी, असं आम्हाला वाटायचं. पण ती रात्रीही बसायची. आई गेल्यावर मी पंखा भंगारात दिला, दुसरीकडे बिऱ्हाड केलं आणि ते घर भाड्याने दिलं. दोन वर्षांत सहा भाडेकरू पळाले. आम्ही भाडेकरूंना नावं ठेवली.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

पंखा होता, म्हणून आई बोलली होती.

आणि तो पंखा आम्ही आत्ताच काढून टाकला होता. तीन ठिपक्यांनी. मन लावून.

कानात शांतता होती. कॅसेटची पाच-सहा सेकंदं उरली असतील.

"...आता..."

ताईने माझं मनगट धरलं.

"...आता येतंय ऐकू."

मी झटक्यात फोन थांबवला. दोन उभ्या रेघांचं चिन्ह आलं. काहीही वाजत नव्हतं.

पण स्क्रीनवर हिरवं गवत...

सगळं झोपलं होतं. डावीकडच्या टोकाला एक पातं सोडून.

ते हलत होतं.

"थांबवलंस ना?" ताईने विचारलं.

पातं वर आलं.

ताई गप्प झाली. पातं खाली गेलं.

"तू काही केलंस?"

पुन्हा वर. ती थांबली, पुन्हा खाली. लक्ष देऊन ऐकणारा माणूस मान डोलावतो ना, तसं.

त्या प्लगइनला 'बायपास' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की सगळे ठिपके बाद होतात आणि मूळ आवाज परत येतो. म्हणजे पंखा परत येतो. माझं बोट तिकडे निघालं. त्या बोटावर ताईने सटकन चापट मारली.

"हात लावू नकोस."

"ताई, आईने पंखा लावला होता तो उगाच नाही! त्याला ऐकू जातंय!"

"जाऊ दे. ऐकवायचंच आहे मला."

तिने फोन ओढून घेतला. चौथा ठिपका उचलला आणि त्या पात्याखाली नेऊन ठेवला. ताईचं बोट बारीक, एका फटक्यात बसलं. चिमटा काढून अरुंद केला. माझा जीव थोडा खाली आला. कापते आहे, मला वाटलं.

तिने तो वर ओढला. टोकापर्यंत.

"ताई!"

"लपून काय बोलतोस?" ती फोनला म्हणाली. "मोठ्याने बोल. एकतीस वर्षं ऐकण्यात घालवली आहेत मी. तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत."

कानात श्वास आला. जाड, ओला, संथ. माझ्या बोंडकात आणि तिच्याही. पातं आता स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकलं होतं.

मी खुर्चीवरून उठलो. वायर दोघांना मिळून एकच, त्यामुळे पुन्हा बसलो.

ताई मात्र हलली नाही. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र ड्यूटीवरचा होता. सपाट. सभ्य.

"माझी आई तुझ्यामुळे शाल पांघरून पंख्यासमोर बसली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ नव्हते. पंचेचाळीस वर्षं मला वाटत राहिलं की मी तिला नको होते. आणि तू काय केलंस? कमरा मोजल्यास! बोल, आणखी काय पाठ आहे तुझं?"

श्वास थांबला.

"...छाती..." तो आवाज म्हणाला.

"चाळीस," ताईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "लपवण्यासारखं काय आहे त्यात? बूट सहा नंबर. चष्मा अडीच. रक्तदाब गोळीवर. लिहून घे सगळं. पण आता मी घरात नीट मोठ्याने बोलणार आहे. आईशीसुद्धा. तुला ऐकायचं तर ऐक, मध्ये बोलायचं नाही." ती क्षणभर थांबली. "तिसरे गृहस्थ, फोन ठेवा."

काही झालं नाही.

मग कानात एक बारीक 'कट' आवाज झाला. अगदी बारीक. पलीकडे कुणी रिसीव्हर ठेवावा तसा.

पातं झोपलं.

मी हसणारच होतो. तेवढ्यात मला ते जाणवलं...

स्वयंपाकघर फार शांत होतं.

फ्रिजचा आवाज येत नव्हता. मी उठून दार उघडलं. आतला दिवा लागला. दूध गार होतं. फ्रिज व्यवस्थित चालू होता.

फक्त त्याची घरघर नव्हती. आम्ही पंखा काढला, तशी ती कुणीतरी काढली होती.

ती अजून आलेली नाही. मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, "असा शांत फ्रिज नशिबाने मिळतो."

ताईने वाटाण्यांचं ताट पुढे ओढलं आणि सोलायला लागली. मूठभर सोलून झाल्यावर म्हणाली,

"शिव्या नव्हत्या रे."

एवढंच. मीही सोलायला लागलो. दोघांनी मिळून त्या दिवशी गरजेपेक्षा बरेच वाटाणे सोलले.

चार-पाच दिवसांनी भाचीने फाइल ठिपक्यांसकट मागवून तपासली. आता ताईचं ऐकून झालं होतं, तेव्हा तिची हरकत नव्हती. आधी भाची बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मामा, मला यात फक्त आजीच ऐकू येतेय. दुसरं कुणीच नाही."

"शेजारचा वेढा?"

"तोही नाही. पण पाचवा ठिपका का हलवलात?"

"आम्ही चारच हलवले."

"पाचवाही हलवलाय. अगदी डावीकडे. वर ओढलाय."

हे आम्ही केलेलं नाही. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "रोज थोडा वर येतो तो. येऊ दे."

कारण ती रोज लावते. दुपारी साडेतीनला, पंख्याशिवाय. आईचं अर्धं मिनिट ऐकते आणि मग तिच्याशी मोठ्याने बोलते. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, भाचीच्या नव्या सिनेमात काय घोटाळा झाला. मी म्हटलं, "ताई, पंखा आणून देऊ का?" तर म्हणाली, "आईने एकदा मला वाचवलं, तेवढं पुरे. आता कुणाला घाबरून मी कुजबुजणार नाही."

तिचं बरोबर आहे. मला तिचा अभिमान आहे. मी मात्र हे लिहीत असताना माझ्या घरी मिक्सर चालू आहे. त्यात काही वाटायला टाकलेलं नाही. बायकोने एकदा येऊन बघितलं आणि जाताना दार लावून घेतलं.

त्याचं कारण कालचं आहे. ताईचा फोन आला होता.

"घाबरणार नसशील तर सांगते," ती म्हणाली. "आज त्याने माझं माप दिलं नाही. नुसतं 'गळा... सोळा' म्हणाला. माझा गळा चौदा आहे."

मी कपाट उघडून शर्टाची कॉलर बघितली.

असो.

शेवटी या पानाच्या वाचकांना एक छोटीशी विनंती. कृपया खाली 'पुरावा असेल तर ऑडिओ टाका' असं लिहू नका. ताई हे पान रोज वाचते, आणि ती टाकेल.